घागरीतलं पाणी

"मॅडम, हो का नाही एवढंच सांगा. सोमवारी गाडीत बसवू का नको?"

उत्तम खराडे दारातच उभे राहून विचारत होते. पायात अजून ड्युटीचे बूट, हातात हिरवा-लाल झेंडा गुंडाळलेला. मालगाडीचे गार्ड होते ते. घरी कमी आणि गाडीच्या शेवटच्या डब्यात जास्त, असा त्यांचा संसार. त्यांच्या मागे पलंगाखालून ओढून काढलेली पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव घातलं होतं : कु. तेजल उत्तम खराडे, इयत्ता दुसरी. रंग अजून ओला होता. उत्तमरावांच्या आई, ज्यांना सगळी कॉलनी आक्का म्हणायची, त्या मला दोनदा म्हणाल्या की ट्रंकेला साडी लागू देऊ नका.

मी डॉक्टर नव्हते. हे मी त्या घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी सांगायचं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. पुण्यातल्या एका संस्थेनं मिरजेत पाहणी काढली होती. लहान मुलं चोऱ्या का करतात, चावतात का, रात्री अंथरूण ओलं का करतात, एकाएकी गप्प का होतात, याची कारणं शोधायची. त्या पाहणीत मी घरोघरी जाऊन प्रश्न विचारणारी. उत्तरं आणायची आणि पुण्याला पाठवायची, एवढंच माझं काम. पण रेल्वे क्वार्टर्समध्ये फाईल घेऊन येणारी बाई म्हणजे डॉक्टर, त्याला माझा इलाज नव्हता.

"थोडं थांबता का?" मी म्हटलं. "मला कारण सापडत नाहीये, पण कारण आहे."

"कारण घेऊन काय करू?" ते बूट काढत म्हणाले. "कारण माझ्याकडं ढीगभर आहेत. पोरगी सुधारायला पाहिजे. विट्याच्या शाळेत राहील, शिस्त लागेल."

कारणांना खरंच तोटा नव्हता. तेजू पावसाळा सरता सरता बिघडली होती, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्याआधी ती कॉलनीतली सगळ्यात गुणी पोर. आता आक्कांच्या हाताला चावायची, शाळेत बाकाखाली बसून राहायची आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोकांच्या दोऱ्यांवरचे कपडे चोरायची. क्वार्टर्सच्या मागं सगळ्यांचे मिळून वाळत घालायचे दोर होते. दोनदा तिला रंगेहाथ पकडलं होतं. आता स्टेशनमास्तरांच्या बायकोचं लाल काठाचं इरकल नाहीसं झालं होतं आणि मास्तरीणबाईंनी पोलिसात जायची भाषा केली होती. त्यांच्यामुळेच तर ट्रंक निघाली होती.

शेजारच्या बाईंच्या मते पोरीला दृष्ट लागली होती. आक्कांच्या मते बाहेरचं काहीतरी होतं, रेल्वेच्या रुळावर काय कमी लोक मेलेत? शाळेतल्या गुरुजींच्या मते टीव्ही. उत्तमरावांच्या मते आईचे लाड. आणि आमच्या पाहणीच्या प्रमुख डॉ. किणीकरबाई, ज्यांनी मिरज फक्त नकाशात पाहिली होती, त्यांच्या मते वडिलांची गैरहजेरी. बाईंचा निष्कर्ष पाहणीच्या आधीच तयार होता. आम्ही मिरजेत, मनमाडला आणि भुसावळला उन्हातान्हात हिंडायचो ते त्या निष्कर्षाला साक्षीदार जमवायला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे मी त्या वर्षी नीट शिकले.

मी खराड्यांच्या घरी सगळे प्रश्न विचारले होते. तेजूची आई शैला भिंतीला टेकून बसायची, गहू निवडायची आणि मान न उचलता उत्तरं द्यायची. नवरा-बायकोत भांडणं? नाहीत. दारू? नाही. मारहाण? नाही. भावंडं? एकटीच. गेल्या वर्षभरात घरात कुणाचा मृत्यू? यावर शैलानं मान उचलली होती, पण तिच्याआधी आक्का बोलल्या. "न्हाई बाई. देवाच्या दयेनं समदी धडधाकट हैत." मग शैलानं परत मान खाली घातली, आणि मी पुढचा प्रश्न विचारला.

असली नाही-नाहीची माळ घेऊन मी खोलीवर परत यायचे आणि चिडचिड व्हायची. कुणी खोटं बोलत होतं असंही वाटत नव्हतं. त्या घरात नुसतं काहीतरी बंद होतं, दार कुठं आहे तेच कळत नव्हतं.

तेजूशी बोलायचा प्रयत्नही केला. काटकुळी, दोन घट्ट वेण्या, समोरचा एक दात पडलेला. विचारलेलं सगळं तिला समजायचं, पण तोंड उघडायची नाही. आक्का मध्येच म्हणायच्या, "तिला काय इचारता? ती आमची हाय कुठं? भांडीवालीकडनं घेतलीया. दोन लुगडी दिली आन् ही घेतली. म्हणून तर अशी निघाली." आणि आपल्याच थट्टेवर हसायच्या. मीही हसले. मला माझ्या आजीनं दोन पातळं आणि बाबांची जुनी विजार देऊन घेतलं होतं, असं मी मोठी होईपर्यंत ऐकत आले होते. आपल्याकडं निम्मी मुलं बोहारणीकडूनच आलेली असतात. तेजू मात्र हसली नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मोठा आवाज झाला. स्टीलची नवीकोरी घागर तिनं ओट्यावरून ढकलून दिली होती. घरभर पाणी.

"बघा," उत्तमराव म्हणाले. "ही घागर आणल्यापासून त्यातलं पाणी पीत नाही. तहान लागली की कॉलनीच्या नळावर जाऊन ओंजळीनं पिते. घरात पाणी नाही का?"

एकदा मी तिला कागद आणि खडू दिले आणि म्हटलं, घरातली सगळी काढ. तिनं आई काढली, बाबा काढले, आक्का काढल्या, स्वतःला एका कोपऱ्यात अगदी बारीक काढलं. आणि मधोमध, सगळ्या माणसांपेक्षा मोठी, घागर. मी ते चित्र पुण्याला पाठवलं. मग टेलिफोन बूथमध्ये घाम पुसत उभी राहून बाईंचं मत ऐकलं. पाणी म्हणजे माया, म्हणाल्या. घागर मोठी म्हणजे मायेची भूक मोठी. वडील लांब काढलेत ना? झालं तर मग.

"बाई, वडील लांब नाहीत. आईच्या शेजारीच आहेत. आणि ती त्या घागरीतलं पाणी पीत नाही. भूक असेल तर पिईल की."

"तू निरीक्षण लिही, अर्थ लावू नकोस," त्या म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट मला सलत होती. मास्तरीणबाईंनीच रागाच्या भरात सांगितलं होतं : इरकलाच्या शेजारी त्यांचं रोजचं जुनं पातळ वाळत होतं, त्याला पोरीनं हातही लावला नव्हता. आधीच्या दोन्ही चोऱ्यांतही तेच. गुरुजींचा कोरा शर्ट, शेजारणीचं घडी मोडून एकदाच नेसलेलं पातळ. चोरी करायची तर जे हाताला लागेल ते माणूस उचलतं. ही पोर निवडून उचलत होती, आणि तेही ज्याची किंमत तिला कळण्याचं कारण नव्हतं असं. मी हेही किणीकरबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, चोरी : हो की नाही? मी म्हटलं, हो. मग झालं, म्हणाल्या.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी बूथचं दार इतक्या जोरात आपटलं की मालकानं मला हटकलं.

रविवारी सकाळी मी परत गेले. काय सांगणार होते ते माझं मलाच माहीत नव्हतं. फक्त उत्तमरावांना आठवडाभर थांबवायचं होतं. दारात ट्रंक भरून तयार होती. शाळेचे कपडे, ताट, वाटी, तांब्या, वर दोरीनं बांधलेली वळकटी. तेजू त्या ट्रंकेकडे पाहत उंबऱ्यावर बसली होती. मी शेजारी बसले तशी ती सरकून लांब बसली.

आत वाद सुरूच होता. मास्तरीणबाई सकाळी येऊन गेल्या होत्या आणि इरकल मिळालं नाही तर संध्याकाळी पोलीस, असं बजावून गेल्या होत्या. उत्तमरावांचा चेहरा रात्रभराच्या ड्युटीनं आणि अपमानानं काळवंडला होता.

"वीस वर्षं नोकरी झाली," ते मला म्हणाले, "कधी कुणाचं बोलणं खाल्लं नाही. आता पोरीपायी चोराचा बाप झालो."

"पाठवून तरी ती थांबणार आहे का?" मी म्हटलं. "तिथंही दोऱ्या असतील, तिथंही कपडे असतील."

"मग काय करू ते तरी सांगा. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, इतके दिवस येताय. काय सापडलं तुम्हाला?"

काहीच नाही, हे खरं उत्तर होतं.  शैला आतल्या दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ती म्हणाली, "नको पाठवूया." अगदी हळू. उत्तमरावांनी ते ऐकलं आणि वळकटीची दोरी आणखी आवळली. आक्का म्हणाल्या, जाऊ दे, चार महिन्यांत वळणावर येईल, आपल्या वेळी काय पोरं लांब राहिली न्हाईत?

तेवढ्यात मागच्या बाजूनं आरोळी आली. "जुन्या कपड्यावर भांडीऽऽ."

उंबऱ्यावरची तेजू उठली आणि पळाली. भांडीवालीच्या दिशेनं नाही, उलट्या दिशेनं, कोंबड्यांच्या पडक्या खुराड्याकडं. आक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता काय नवीन?" मी तिच्या मागं निघाले.

कडुलिंबाखाली भांडीवाली फुलाबाई टोपली उतरवून बसली होती. गेली कित्येक वर्षं ती त्या कॉलनीत यायची. तिच्याभोवती दोन-तीन बायका जमल्या होत्या, एकीच्या हातात उसवलेलं पोलकं, एकीच्या हातात विजार. एका डब्यावरून घासाघीस चालली होती. खुराड्याकडून धावत आलेली तेजू बायकांना ढकलत मधे घुसली. तिच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेलं, स्वतःच्या दुसऱ्या एका फ्रॉकमध्ये बांधलेलं गाठोडं होतं. ते तिनं फुलाबाईसमोर टाकलं आणि गाठ सोडली. लाल काठाचं इरकल, नीट घडी घातलेलं. खाली आणखी एक कोरं पोलक्याचं कापड, कुठून उचललेलं देव जाणे.

"अगं बाई, मास्तरीणबाईंचं इरकल," कुणीतरी म्हणालं.

फुलाबाईनं हात मागं घेतले, भाजल्यासारखे. "मी न्हाई घेत असलं. बायांनो, तुमी साक्षीला हाय. मी हात बी लावला न्हाई."

"हे जुनं नाही," तेजू म्हणाली. इतक्या दिवसांत मी तिचं एवढं मोठं वाक्य पहिल्यांदा ऐकत होते. "बघ. कुठं फाटलेलं नाही. विरलेलं नाही. घे."

"काय पायजे गं तुला? परात? डबा?"

"भांडं नको. घागर पण तुला परत देते. आमचं बाळ दे."

 फुलाबाई एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली. माझ्यामागून आलेल्या आक्का वाटेतच थांबल्या होत्या. शैला त्यांच्याही मागं होती.

"कुणाचं बाळ, लेकी?"

"आमचं. आक्कानं तुला गाठोड्यातनं दिलं ते. दुपट्यातलं. तू घागर दिलीस." मग तिला वाटलं असावं, एवढ्यानं भागणार नाही. ती आणखी पुढं सरकली. "लवकर दे. उद्या मला पण परत देणार आहेत. ट्रंक भरलीय. आईजवळ कुणीतरी पाहिजे ना."

मला एकदम सगळं कळलं असं म्हणता येणार नाही.  मी वळून शैलाकडं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

ती चालत आली. धावली नाही. ती कडुलिंबाखाली धुळीतच बसली, तेजूच्या समोर, आणि तिचे दोन्ही दंड धरले.

"तेजू, बाळ हिनं नाही नेलं."

"नेलं. मी बघितलं. गाठोडं नेलं."

"गाठोड्यात कपडे होते. दुपटी, टोपडी, माझी मऊ पातळं. बाळ नव्हतं."

"मग बाळ कुठाय?"

शैलानं आक्कांकडं पाहिलं, उत्तमरावांकडं पाहिलं. तेही बनियनवरच मागून आले होते आणि अनवाणी उभे होते.  मला वाटलं आता ही परत मान खाली घालेल आणि सगळं परत बंद होईल. तेव्हा मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला, इतका की मी काहीतरी बोलणारच होते.

"बाळ वारलं," शैला म्हणाली. "दवाखान्यातच वारलं. त्याला श्वास घेता येत नव्हता. बाबांनी आणि काकांनी त्याला नदीकडं नेऊन पुरलं. ते आता येणार नाही."

"आक्का म्हणाली, गेलं परत."

"आक्काला खरं सांगवलं नाही."

"मी कपडे आणले तरी?"

"तरी."

"नवीन आणले तरी?"

"तरी नाही, बाळा."

तेजू इरकलाकडं बघत राहिली. मग तिनं ते परत नीट घडी घालून फ्रॉकवर ठेवलं, जशी शहाणी मुलगी ठेवते, आणि मग रडायला लागली. ओरडून, चावून नाही. साधी लहान पोर रडते तशी. फुलाबाईनं आपली टोपली उचलली नाही. ती पदर तोंडाला लावून तिथंच बसून राहिली, आणि डब्यावरून भांडणाऱ्या बाया हळूहळू आपापल्या घरी गेल्या.

घरी आल्यावर आक्का स्वतःहून बोलायला लागल्या. त्यांना कुणी दोष दिला नव्हता, पण त्या भांडणाच्याच आवाजात बोलत होत्या. श्रावणात शैलाला मुलगा झाला. चार-पाच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता आणि गेला. शैला घरी आली ती भिंतीकडं तोंड करून निजली. तिच्या बाळंतविड्याचं गाठोडं कपाटात समोर दिसायचं. तिनंच मऊ पातळं फाडून दुपटी शिवली होती. "डोळ्याफुडनं जाऊ दे म्हनून दिलं मी. जाळायचं व्हतं का? आन् घागर मागितली न्हाई मी, तिनं दिली. घेतली." त्यांनी डोळे पुसले. "पोरीनं इचारलं तर काय सांगू? म्हटलं, गेलं परत. लहान लेकराला मरान काय सांगायचं?"

एवढीच ती गोष्ट. आक्कांची वर्षानुवर्षांची थट्टा, एक गाठोडं आणि दोन शब्द. आणि त्या दोन-तीन गोष्टी एकत्र करून त्या पोरीनं इतका सरळ हिशोब मांडला होता की आम्ही कुणीही तो मांडू शकलो नव्हतो. मुलं भांडीवालीकडून येतात, जुने कपडे दिले की मिळतात. आपण दिलेले कपडे जुने होते, फाडलेले होते, म्हणून तिनं बाळ परत नेलं आणि घागर देऊन बोळवण केली. मग नवे कपडे पाहिजेत. आणि त्या घागरीतलं पाणी कोण पिणार?

"पण मी विचारलं होतं," मी आक्कांना म्हटलं. माझा आवाज चढला होता, तो मी आवरला नाही. "घरात कुणी गेलं का, म्हणून विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

आक्का माझ्याकडं मनापासून आश्चर्यानं पाहायला लागल्या. "मग काय खोटं बोलले? बारसं झालं न्हवतं त्याचं. बारशाआधीचं लेकरू घरातलं धरत न्हाईत, बाई. त्याला नाव न्हाई, गाव न्हाई, त्याचं सुतक न्हाई. त्याला कुनी मयत म्हनतं का?"

मी उत्तमरावांकडं पाहिलं. ते ट्रंकेवर बसले होते, डोकं दोन्ही हातांत धरून. म्हणजे त्यांनाही ते तसंच वाटत होतं. ते स्वतः मुठीएवढं गाठोडं नदीकाठी पुरून आले होते आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले होते, आणि घरात कुणी मेलं नव्हतं.

शैलानं स्वयंपाकघरातून घागर आणली. रिकामी केली, मोरीत ठेवली, परत नळाखाली धरली आणि भरली. मग ती तेजूला घेऊन माझ्यासमोर बसली.

"ताई, तो प्रश्न परत विचारा."

मला कळलं नाही.

"तो. घरात कुणी गेलं का, तो."

आक्का म्हणाल्या, "राहू दे गं." शैलानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. मी फाईल उघडली, कारण ती उघडी असावी असं तिला वाटत होतं. मी विचारलं, "गेल्या वर्षभरात घरात कुणाचा मृत्यू झाला आहे का?"

"झाला," शैला म्हणाली. "माझ्या मुलाचा."

पुढचा प्रश्न सवयीनं माझ्या तोंडून गेला. "नाव?"

शैलाचे ओठ हलले आणि थांबले. एवढं सगळं बोलून झाल्यावर ती तिथं येऊन अडकली. मी स्वतःवर चरफडले. त्या माणसांना मी हेच का विचारावं? मी म्हणणार होते की राहू द्या, नाव नसलं तरी चालेल. तेवढ्यात तेजू म्हणाली, "त्याला नाव आहे."

सगळे तिच्याकडं वळले.

"दवाखान्यात बाबांनी मला उचलून दाखवलं तेव्हा नर्सबाईंनी हात लावू दिला. तेव्हा मी त्याच्या कानात कुर्र केलं आणि सांगितलं. आत्याला यायला उशीर होणार होता ना." तिनं नाक पुसलं. "कुणाला नाही सांगितलं. आधी बाळाला सांगायचं असतं."

शैलानं तिला जवळ ओढलं, आणि तेजूनं आईच्या कानाला तोंड लावून, हाताचा आडोसा करून, कुर्र केलं आणि काहीतरी सांगितलं. शैलानं डोळे मिटून घेतले. उत्तमराव ट्रंकेवरून उठले, त्या दोघींपाशी येऊन खाली बसले आणि त्यांनी आपला कान पुढं केला.  आक्कांनी त्या घागरीतलं पाणी पेल्यात आणून ठेवलं. तेजूनं ते घेतलं आणि घटाघटा प्यायली, अर्धं फ्रॉकवर सांडलं.

उत्तमरावांनी ट्रंक पायानं परत पलंगाखाली ढकलली. मास्तरीणबाईंकडं इरकल ते स्वतः घेऊन गेले.

मी निघाले तेव्हा तेजू माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. म्हणाली, वाका. मी वाकले. तिनं माझ्या कानात कुर्र केलं आणि ते नाव सांगितलं. मग फाईलीकडं बोट दाखवून म्हणाली, "पण लिहायचं नाही. बारसं झाल्यावर लिहा."

पुण्याला मी सगळं लिहून नेलं. दुपट्यांचं गाठोडं, घागर, आक्कांची थट्टा, नव्या कपड्यांच्या चोऱ्या. किणीकरबाईंनी ते शांतपणे वाचलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाल्या, छान निरीक्षण आहे, पण प्रश्नावली एकदा भरली की बदलता येत नाही. आधी नाही आहे, तर नाहीच राहील. मी म्हटलं, कुटुंबानं स्वतः दुरुस्त केलंय. त्या म्हणाल्या, एका मुलीच्या गैरसमजावरून कारण ठरत नाही. मी म्हटलं, अशी किती मुलं असतील, किती घरांत बारशाआधीची मुलं आम्ही मोजलीच नसतील, निदान प्रश्न तरी बदला. भुसावळला अजून पाहणी सुरू आहे. मी बरंच बोलले, आवाजही चढवला. बाहेर बसलेल्या मुली आत डोकावून गेल्या.

दोन वर्षांनी त्यांचा अहवाल छापून आला. त्यात तेजल खराडे वडिलांच्या गैरहजेरीखाली मोजली आहे. मी ते काम त्याच्या बरंच आधी सोडलं होतं. आज माझ्या स्वतःच्या मुलांची मुलं मोठी झाली आहेत, त्यांना कुणी बोहारणीकडून आणलं म्हटलं तर मी थट्टेतही चालू देत नाही. माझी सून म्हणते, आई, इतकं काय त्यात.

पुण्यातल्या त्या दिवशी मात्र शेवटी किणीकरबाई जरा नरमल्या होत्या. चष्मा काढून म्हणाल्या, बरं, मृत्यू म्हणून नोंद करून बघू या, पण मृत व्यक्तीची नोंद नावाशिवाय होत नाही, तो नियम मी मोडू शकत नाही. त्यांनी पेनाचं टोपण उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"काय नाव होतं त्या मुलाचं?"

मला ते माहीत होतं. दोन अक्षरं होती, पटकन सांगून टाकण्यासारखी.

मी म्हटलं, "बारसं व्हायचंय अजून, बाई."